आधी हिच्यावर लावून बघा

“पस्तीस म्हंजी पास की हो, डॉक्टरीणबाई,” हे म्हणाले आणि टेबलावरून पाय खाली सोडून बनियन शोधायला लागले. छातीवरची ती गार चिकट जेली पुसायचंही त्यांना भान नव्हतं. बनियन माझ्या हातात होतं. मी ते दिलं नाही, आधी टॉवेल पुढे केला.

डॉक्टर बुरगुटे हसल्या नाहीत. वयाने आमच्या लेकीपेक्षा, उज्ज्वलापेक्षा, चार-सहा वर्षांनी मोठ्या असतील, पण चष्म्यातून बघायच्या तेव्हा शाळेतल्या मोठ्या बाईंसमोर उभं असल्यासारखं वाटायचं.

“काका, ही परीक्षा नाही. हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं, त्याचा हा आकडा आहे. धडधाकट माणसाचा साठच्या आसपास असतो. तुमचा पस्तीस आहे.”

“म्हंजी शंभर कुणाचंच न्हाई?”

“नाही.”

“मग साठातलं पस्तीस म्हंजी निम्म्याच्या वर गेलं की!”

मी कपाळाला हात लावला. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस, पण घासाघीस करायची खोड काही गेली नव्हती.

याला आता बरीच वर्षं झाली. बार्शीच्या आडत बाजारात आमचं काटे दुरुस्तीचं दुकान होतं. पोत्यांचे मोठे काटे, सराफांचे नाजूक काटे, भाजीवाल्यांचे तराजू, सगळं आमच्या ओट्यावर यायचं. वजनमापे खात्याचे साहेब शिक्के मारायला येणार म्हटलं की बाजारातला प्रत्येक जण “अंबादासराव, जरा बघा की” करत यांच्या मागे. यांची स्वतःची खरी वजनं एका लाकडी पेटीत, मऊ कापडात गुंडाळून ठेवलेली असत. त्यांना मी हात लावायचा नाही, हाताचा घाम लागतो म्हणून. वीस किलोची लोखंडी वजनं मात्र मीच उचलून द्यायची. त्यांना माझा घाम चालायचा.

त्या दुकानातच यांना झटका आला. शेजारच्या आडत्याने गाडीत घालून थेट सोलापूरला आणलं. आमची मुलगी उज्ज्वला सोलापुरातच दिलेली, म्हणून निदान मला बसायला सोबत होती. यांना आयसीयूत ठेवलेलं आणि मी दाराबाहेरच्या बाकावर. घरी जाऊन अंघोळ तरी करून ये, असं पोरगी सांगायची, पण माझा पाय निघत नव्हता. तिथे बसल्याबसल्या एका सकाळी माझी डावीकडची दाढ अशी ठणकायला लागली की काही विचारू नका. जबडा, कान, पार खांद्यापर्यंत कळ. पोलकं घामाने चिंब. आधीच उपाशीपोट आणि त्यात जागरण, उलटीही झाली. उज्ज्वलाने लिंबू-सोडा आणून दिला, मी दाताखाली लवंग धरली आणि भेटायची वेळ झाली तशी पदर सारखा करून आत गेले.

यांना सांगितलं तर नाकात नळी असलेला हा माणूस म्हणतो कसा, “हिथं मी मराय लागलोय आन् तुला दाढ सुचतीय व्हय!”

बार्शीला परत आल्यावर मी ती दाढ काढून टाकली. दातांचा डॉक्टर म्हणत होता, मावशी, कीड दिसत नाही, दाढ चांगली आहे. मी म्हटलं, दुखली कुणाची, तुझी का माझी? काढ. बिचाऱ्याने काढली. मग हे जो येईल त्याला सांगत सुटले, की नवऱ्याला झटका आला आणि बायकोने दाढ काढून घेतली. येणारे हसायचे आणि मीही हसायचे.

तर त्या दिवशी आम्ही आलो होतो ते यांचा टूडी इको काढायला. यांच्या तीन नळ्या अरुंद झालेल्या होत्या. बायपास करावा लागेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि यांनी आधीच नाही म्हटलं होतं. “मला काय झालंय? गोळ्या खातो, बरं वाटतंय,” एवढा एकच धोशा. गोळ्यांनी हृदयाने किती जोर धरलाय ते बघू आणि मग बोलू, असं ठरलं होतं. आता दिसत होतं की जोर काही धरलेला नाही. उज्ज्वला खाली गोळ्यांच्या दुकानात गेली होती आणि या माणसाला तयार करायचं काम माझ्यावर टाकून गेली होती.

“काका, मी स्पष्ट बोलते,” डॉक्टर म्हणाल्या. “पुढचा झटका आला तर तुम्ही बार्शीहून इथपर्यंत पोचणार नाही. ऑपरेशन आत्ता केलं तर तुमच्या हातात अजून पुष्कळ वर्षं आहेत.”

“अहो, ऐका की जरा,” मी म्हटलं.

“तू गप.” हे डॉक्टरांकडे वळले. “वर आयसीयूतल्या मशीनवर काढलं तवा चाळीस होतं. आज पस्तीस. गोळ्या येळच्या येळी खाऊन कमी कसं हुईल? दोन काट्यांत पाचाचा फरक. आमच्यात असा काटा निघाला तर साहेब दुकानाला कुलूप लावत्यात.”

“बघणाऱ्याच्या नजरेने थोडं इकडे-तिकडे होतं. त्याने काही बिघडत नाही.”

“झालं! म्हंजी मशीनबी न्हाई, नजर!”

डॉक्टरांनी हात टेकले. दुसरा कुणी असता तर ‘मग बसा घरी’ म्हणून मोकळा झाला असता. त्यांनी तसं म्हटलं नाही, तसा यांना चेव चढला. बनियन खांद्यावर टाकून, उघड्या अंगाने, दुकानात शिकाऊ पोराला शिकवावं तसं यांनी सुरू केलं.

“गिऱ्हाईक म्हणतंय माल कमी भरला, आन् दुकानदार म्हणतोय बरोबर हाय. मग मी काय करतो? माल तोलत बसत न्हाई. ज्याचं वजन मला पक्कं ठावं हाय, ते माझं वजन आधी काट्यावर ठेवतो. ते बरोबर दाखवलं तर काटा खरा. चुकीचं दाखवलं तर काटा खोटा. मालाला नावं ठिवायचीच न्हाईत मग. तवा आधी तुमचा काटा तपासू.”

“आणि तो कसा तपासायचा?”

यांनी माझ्याकडे बोट केलं. “ही बसलीय की. आधी हिच्यावर लावून बघा.”

“अहो, काहीतरीच काय!” मी म्हटलं.

“लगीन होऊन आल्यापासनं हिला कधी ताप आलेला मी बघितला न्हाई. वीस-वीस किलोची वजनं उचलती. ही आमची पक्की हाय. हिच्यावर साठ दाखवलं, तर तुमचं मशीन खरं. मग मी ऑपरेशनला तयार. आत्ता, हिथंच सही करतो.”

ताप आला होता, दोन-तीनदा चांगला आला होता. यांनी तो बघितला नव्हता, एवढंच. पण ते उगाळायची ही वेळ नव्हती. सही करतो म्हणाले हे मी ऐकलं आणि चपला काढल्यासुद्धा. आठवडेच्या आठवडे ज्या ‘हो’साठी मी आणि पोरगी डोकं फोडत होतो, ते एवढ्यावर मिळत होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं.

“मावशी, चालेल तुम्हाला?”

“चालायला काय झालं? लावा लवकर. यांचं मन फिरायच्या आत लावा.”

तेव्हा कुठे त्या हसल्या. हे स्टुलावर माझ्याकडे पाठ करून आणि पडद्याकडे तोंड करून बसले. मी डाव्या कुशीवर आडवी झाले. डॉक्टरांनी अंगावर चादर घातली आणि चादरीखालून जेली लावली. इतकी गार, की मी आई गं म्हणाले. बार्शीच्या भगवंताला मनातल्या मनात म्हटलं, देवा, आजच्या दिवस माझं भरपूर निघू दे. साठ काय, सत्तर निघू दे, म्हणजे हा माणूस बोलण्यात अडकेल.

“घरी काय काय काम करता, मावशी?” हातातलं ते यंत्र माझ्या बरगडीवर दाबत डॉक्टरांनी विचारलं.

“काय करत नाही ते विचारा. पाणी भरायचं, स्वयंपाक, दुपारी दुकान...”

“जिना चढताना दम लागतो?”

“आता लागतो थोडा. वय झालं की.”

“कधीपासून?”

“यांचं दुखणं काढलं ना, दमले मी त्यात. तेव्हापासून.”

मला पडदा दिसत नव्हता, त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी यंत्र जरा वर सरकवलं, मग खाली, मग बगलेकडे. “श्वास सोडा. धरून ठेवा.” मी धरला. “पुन्हा.” त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला आणि परत लावला. मला वाटलं, यांच्या वादावादीने बाई कंटाळलेली दिसते.

“किती आलं?” यांनी विचारलं.

डॉक्टरांनी यंत्र परत एकदा बरगडीवर फिरवलं.

“बाई, किती आलं?”

“अडतीस.”

हे मांडीवर अशी थाप मारून उठले की मी दचकले. “सांगितलं न्हवतं! काटाच खोटा! आवो, ज्याला त्याला हार्टवाला करून सोडतंय तुमचं हे! बघ गं प्रयाग, तुझं अडतीस, म्हंजी तूबी गेलीस कामातनं!” आणि हे हसायला लागले. दुखण्यातून उठल्यापासून एवढे मोकळे हसले नव्हते. आजाराने खंगलेला तो चेहरा एकदम दुकानातला झाला, खोटा काटा पकडल्यावर व्हायचा तसा.

मला तर रडूच फुटलं. हातातोंडाशी आलेलं गेलं होतं. साठ यायला हवं होतं, आणि या मेल्या मशीनने नेमका आत्ता दगा दिला. आता हा माणूस कुणाच्या बापाचं ऐकणार नाही, जन्मभर सोलापूरच्या मशीनची गोष्ट सांगत बसेल, आणि एक दिवस त्याच ओट्यावर पडेल. मी डॉक्टरांचा हात धरला. “बाई, परत एकदा लावा हो. नीट बघा. चुकलं असेल काहीतरी.”

“काका,” डॉक्टर म्हणाल्या, “खाली बसा. हसू नका.”

आवाज मोठा नव्हता, पण हे बसले.

मग त्या बाईंनी एक गोष्ट केली. यंत्र पुसलं, त्यावर नवी जेली घेतली, आमच्या दोघांकडे पाठ केली आणि कोटाच्या आत, कुडत्याच्या गळ्यातून ते स्वतःच्याच छातीवर लावलं. मी कोपरावर उठून बघायला लागले. पडद्यावर आधी नुसता करडा धूर हलला, मग एक आकार आला. कणीक मळताना मूठ आवळावी तसा तो चारी बाजूंनी आत येत होता आणि सुटत होता. फार भरभर चालला होता. दारातून धावत आल्यासारखं त्यांचं काळीज पळत होतं, आणि बाई तर मघापासून स्टुलावर बसलेल्या होत्या. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. कशाची, ते अजून कळलेलं नव्हतं.

“हे माझं. साठच्या वर आहे,” त्या म्हणाल्या. त्यांनी यंत्र ठेवून दिलं आणि बटणं दाबली. “हे मघाचं तुमचं. आणि हे मावशींचं. मी काही बोलत नाही. तुम्हीच बघा.”

हे स्टूल ओढून पडद्याजवळ गेले. सराफाचा काटा बघताना एक डोळा मिटायची यांची सवय होती, तसा यांनी डोळा मिटला. डॉक्टरांचं बघितलं, स्वतःचं बघितलं आणि मग माझं बघत राहिले. मलाही दिसत होतं. माझ्या हृदयाची एक बाजू आत यायची, सुटायची, आत यायची. दुसऱ्या बाजूला भिंतीचा एक तुकडा नुसताच उभा होता. बाकीचे ओढतील तेवढा हलायचा, आपणहून काही करायचा नाही.

यांनी बोट पुढे केलं आणि पडद्याला न लावता त्या तुकड्यासमोर धरलं. नाजूक काट्यावर गुंजेचं वजन ठेवताना धरायचे तसं.

“काटा बरोबर हाय,” हे म्हणाले.

यांच्या तोंडावरचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं आणि ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, यांनाच परत काहीतरी होतंय.

“अहो बाई, यांच्याकडे बघा आधी!” मी ओरडले.

“मावशी.” डॉक्टरांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. “तुम्हाला हार्ट अटॅक येऊन गेलाय.”

“मला नाही हो,” मी म्हटलं. “यांना. यांना आला होता.”

“त्यांनाही आला होता. तुम्हालाही आलाय. फार जुना वाटत नाही.”

बाईंची काहीतरी गफलत होतेय असंच मला वाटत होतं. आजारी माणूस तो होता. पेशंट म्हणून खिडकीवर नाव त्याचं सांगितलं होतं. मी सोबत आले होते.

“छातीत कधी जोरात दुखलं होतं?”

“कधीच नाही.”

“पाठीत? खांद्यात? दरदरून घाम, उलटी? कधीकधी बायकांना छातीत दुखतच नाही. जबड्यात कळ येते, दात दुखल्यासारखं वाटतं...”

माझी जीभ आपोआप तोंडात डावीकडे गेली. तिथे दाढ नव्हती. नुसती मऊ जागा होती.

“दाढ,” हे म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. “हिची दाढ दुखली होती. पार खांद्यापतुर. हिनं ती काढून टाकली. चांगली दाढ होती, डॉक्टर नको म्हणत हुता.”

“कुठे होतात तेव्हा? बार्शीला?”

मी नुसतं बोट वर केलं. वरचा मजला, आयसीयूचं दार, त्याच्या बाहेरचा बाक. आत हृदयाचे एवढे मोठे डॉक्टर, एवढ्या मशिनी, आणि मध्ये एक काचेचं दार. त्या दाराला पाठ लावून मी माझा झटका लवंग चावत काढला होता, आणि वर तोंड पुसून दुसऱ्याचा झटका बघायला आत गेले होते. अंगावर असा काटा आला की चादर गच्च धरली. तिथल्या तिथे पडले असते तर यांना कुणी सांगितलं असतं? हे आतून वाट बघत बसले असते. डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले.

“मी हिला बोललो हुतो,” हे म्हणाले. “मी मराय लागलोय आन् तुला दाढ सुचतीय व्हय, म्हणलो हुतो.”

“असू द्या हो,” मी म्हटलं.

“बाई, हिचं आधी करा. काय आसंल ते. ऑपरेशन, नळी, काय करायचं ते हिचं आधी.”

तेव्हा मात्र माझं डोकं ठिकाणावर आलं. मी उठून बसले आणि चादर घट्ट लपेटून घेतली. “ते काही नाही. बोलणं काय झालं होतं? काटा खरा निघाला तर तुम्ही तयार. काटा बरोबर आहे, हे तुमच्याच तोंडाने म्हणालात. करा सही.”

या माणसाने बाजारात शब्द फिरवलेला कुणी बघितला नव्हता.

“करतो,” हे म्हणाले.

पुढे सगळं झालं. यांचा बायपास झाला, माझ्या नळीत जाळी बसली. डॉक्टर बुरगुटे अजून दरवर्षी आम्हाला एकाच दिवशी बोलावतात, आणि हे अजून पडद्यासमोर एक डोळा मिटून बसतात. पण त्या दिवसाचं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर खोलीतून निघतानाची पिशवी.

फायली, पाण्याची बाटली, डबे, देवाचा नारळ असलेली ती जड पिशवी. सकाळी बार्शीच्या स्टँडपासून इथपर्यंत ती मीच आणली होती, कारण पेशंट हे होते. निघताना मी सवयीने वाकले, तर यांचा हात आधीच पिशवीवर होता.

“सोडा, तुम्हाला जड उचलायचं नाही,” मी म्हटलं.

“तू सोड आधी.”

“तुमचं पस्तीस आहे.”

“तुझं काय लई शंभर हाय?”

“कुणीच उचलू नका!” डॉक्टर आतून ओरडल्या, आणि आम्ही दोघांनी एकदमच पिशवीचे बंद सोडले. पिशवी दाराशी जमिनीवर बसली. तिच्या अलीकडे मी आणि पलीकडे हे. इतक्या वर्षांत आमच्या दोघांत एक ओझं उचलायला कुणीच नाही, असं कधी झालं नव्हतं. मी यांच्याकडे बघितलं तर यांचे डोळे भरून आले होते. मी यांना रडताना कधी बघितलं नव्हतं, यांची आई गेली तेव्हाही नाही.

तेवढ्यात उज्ज्वला जिना चढून आली. बापाचा चेहरा बघून ती दाराशीच थांबली. “बाबा, काय निघालं? किती आहे तुमचं?”

“पिशवी घे,” हे म्हणाले. “आईला उचलू देऊ नको.”

“का? आईला काय झालं?”

तिने माझ्याकडे बघितलं. ‘काही नाही’ हे दोन शब्द माझ्या तोंडात कायमचे तयार असायचे, कुणी विचारायचा अवकाश की बाहेर पडायचे. मी तोंड उघडलं, पण ते काही आले नाहीत.